बटणावरची चिकटपट्टी

आई, आज सकाळी आपल्या ओट्याखाली पुन्हा एकदा उकळत्या पाण्याची टाकी बसली. तुमच्या मुलाने मागवली, मला न विचारता. थंडीत माझी मनगटं धरतात, भरलेलं पातेलं उचलताना माझं तोंड वाकडं होतं, ते त्याने पाहिलं होतं. बसवायला आलेला माणूस पन्नाशीचा असेल, काम करताना फारसं न बोलणारा. सिंकखालचं कपाट रिकामं करून तो पाठीवर आडवा झाला, टाकी कोपऱ्यात बसवली, गार पाण्याची नळी जोडली, वर सिंकच्या कडेला भोक पाडून नळ उभा केला. सगळं झाल्यावर मला जवळ बोलावून नळावरचं लाल बटण दाखवलं. हे दाबून धरल्याशिवाय दांडी फिरत नाही, म्हणाला. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस कोणी आहे का, असंही विचारलं. मी नाही म्हणाले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून तुमचा मुलगा म्हणाला, "आमची आई भाजली होती अशाच नळावर. वय झालं की लक्ष राहत नाही हो माणसाचं." त्या माणसाने मान हलवली. मी ओटा पुसत होते. तो स्वच्छ झाला तरी पुसत होते.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल, पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, लेकीला गॅसपाशी जपून राहा म्हणून बजावताना. तो ते मायेनेच म्हणतो. त्याच्या लेखी ती आईची आठवण आहे. माझ्या लेखी ती काय आहे, ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आज जेवणं झाली, भांडी आवरली आणि लेकीच्या खोलीत येऊन बसले. ती नोकरीला बंगळूरला असते. तिच्या टेबलाच्या खणात एक अर्धी कोरी वही सापडली, तिच्यात हे लिहिते आहे. दुपारचे तीन वाजलेत. तुमचा मुलगा बाहेर पेपर वाचता वाचता झोपला आहे.

मी तुमच्या घरात आले ती यवतमाळहून, कसबा पेठेतल्या त्या दोन खोल्यांत. पहिल्याच सकाळी स्टोव्हपाशी उभी राहून मी तुम्हाला म्हणाले, "आई, मी चहा करून राहिली." तुम्ही मेथी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "राहायला घर आहे आपल्याकडे. चहा नुसता करायचा." तुमचा मुलगा हसला, म्हणून मीही हसले. पण मग कितीतरी महिने तुमच्याशी बोलायच्या आधी मी मनात वाक्य जुळवून बघायचे, कुठे माझ्या गावचं काही निसटत नाही ना. तुम्ही सगळ्यांशीच असं बोलता, दूधवाल्याशी, देवळातल्या गुरुजींशी, स्वतःच्या भावाशीसुद्धा, हे कळायला मला फार वेळ लागला. आणि कळल्यावरही, खरं सांगते, मनातला तो खडा मी काढून टाकला नाही. जपून ठेवला. पुढे जे झालं त्यात त्या खड्याचा वाटा होता की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

तुम्ही सत्तावीस वर्षं ट्रंक ऑपरेटर होतात. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा. शेकडो नंबर तुम्हाला पाठ होते. मग गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे बूथ आले, लोक स्वतःच फोन फिरवायला लागले आणि तुमचे बोर्ड एकेक करून बंद झाले. शेवटचा बोर्ड बंद झाला त्या दिवशी पेढे वाटले आमच्यात, प्रगती झाली म्हणून, असं तुम्ही सांगायचात, आणि त्यावर हसायचं की नाही ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही. मला कंपनीत नोकरी लागली तेव्हा दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी धास्ती होती आणि आमच्यासारख्यांची घाऊक भरती चालली होती. तुम्ही अभिनंदन वगैरे काही म्हणाला नाहीत. निवृत्तीला मैत्रिणींनी दिलेलं मनगटी घड्याळ काढून माझ्यापुढे धरलंत. मला आता कुठे वेळेवर जायचंय, म्हणालात. मी ते महिनाभर घातलं. मग कंपनीतल्या मुलींच्या हातातली बघून दुसरं घेतलं आणि तुमचं कपाटात ठेवून दिलं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

तुमचा मुलगा शिकवायचा ते कॉलेज वाघोलीला, माझी कंपनीही नगर रोडवरच, म्हणून आपण पेठ सोडून इथे फ्लॅटमध्ये आलो. तेव्हा इथून पुढे नुसती माळरानं होती आणि पाणी टँकरने यायचं. तुम्हाला इथे ओळखीचं कोणी नव्हतं, चालत जावं असं देऊळ नव्हतं. होतं ते स्वयंपाकघर. तिथे तुम्ही पहाटेपासून रात्रीपर्यंत असायचात. माझा डबा, लेकीची शाळेची बाटली, चारचा चहा. चहाचं पाणी कधी उतरवायचं ते तुम्ही आवाजावरून ओळखायचात. बघायची गरज नसायची. कंपनीने मला सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं, तिथल्या ऑफिसात मी तो नळ पहिल्यांदा पाहिला. दांडी फिरवली की उकळतं पाणी. मला वाटलं, प्रगती म्हणतात ती हीच. येताना कळशीएवढी ती टाकी सामानात घातली. वजन जास्त झालं म्हणून विमानतळावर बॅगेतले कपडे काढून टाकले. तुमच्यासाठी घेतलेला स्वेटरही त्यात होता. इंग्लंडला लोकर फार महाग आहे, असं तुम्हाला मी सांगितलं होतं.

बसवायला आलेला तेव्हाचा प्लंबर असलं काही पहिल्यांदाच बघत होता. इंग्रजीतली माहिती मी त्याला वाचून सांगत होते. तुम्ही मागे उभ्या राहून त्याला जे प्रश्न विचारलेत, ते मी एकही विचारला नव्हता. पाणी दिवसभर उकळतं ठेवणार, तर वाफ जाणार कुठे? टँकरचं पाणी जड, आत थर बसला तर साफ कसं करायचं? आणि वीज गेली तर? तो तुमच्याशीच बोलायला लागला, त्याचा मला राग आला. शेवटी तुमच्या मुलाने एकच विचारलं, की लेक पाच वर्षांची आहे, तिचा हात लागला तर? मी त्याला लाल बटण दाखवलं. हे दाबल्याशिवाय काही होत नाही, हिच्याच काय, कोणाच्याच हातात ताकद नाही चुकून उघडायची, मी हमी देते, असं म्हणाले. हमी हाच शब्द वापरला होता मी.

पहिले दोन-तीन आठवडे कौतुकात गेले. मग ते बटण मला नकोसं झालं. सव्वाआठला कंपनीची बस, एका हातात थर्मास, दुसऱ्या हाताने दांडी फिरवायची, मग बटण दाबायला तिसरा हात कुठून आणू? बोट घसरायचं, दांडी अडायची, बस चुकेल म्हणून जीव वरखाली व्हायचा. एका सकाळी मी लेकीच्या वह्यांना कव्हर घालायची पारदर्शक चिकटपट्टी घेतली, बटण दाबलं आणि वरून तीन वेढे मारून ते तसंच दाबलेलं ठेवलं. आता बोटाच्या टोकाने दांडी फिरायची. लांबून पट्टी दिसायचीही नाही. तुम्हाला दिसली. संध्याकाळी मी घरात आल्या आल्या विचारलंत, ही पट्टी कशाला? मी म्हणाले, तात्पुरती आहे. "काढ हं आठवणीने," म्हणालात. मी हो म्हणाले. तुम्ही स्वतः ती काढली नाहीत. तुमच्या खात्यात दुसरीच्या बोर्डाला हात लावायची पद्धत नव्हती, आणि तो नळ माझा होता, हे मी घरात सगळ्यांना नीट कळू दिलं होतं. पट्टी अकरा दिवस तिथे होती. लेक रोज त्याच सिंकवर वाकून आपली बाटली धुवायची, आई. त्या अकरा दिवसांत तिचा हात लागला नाही, यात माझं कर्तृत्व काही नाही.

अकराव्या दिवशी सकाळचे पावणेआठ. लेक शाळेत गेली आहे, तुमचा मुलगा आंघोळीला. मी आतल्या खोलीत मोबाइलवर बोलते आहे, पलीकडे अमेरिकेतला साहेब, त्याची संध्याकाळ. स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज येतो. ओरडणं नाही. ओरडणं नाही म्हणून मी माझं वाक्य पुरं करते, त्याचं उत्तर ऐकून घेते, मग फोन ठेवते. मी आले तेव्हा नळ तुम्हीच बंद केला होता. सिंकभर तांदूळ पसरलेले, आणि डावा हात कोपरापर्यंत लालबुंद, गार पाण्याच्या धारेखाली धरून तुम्ही उभ्या. बांगडी अडकली दांडीत, एवढंच म्हणालात, तेही माझ्या फोनवरच्या बोलण्यात आपण अडथळा आणला असावा अशा आवाजात. बर्फ आणायला हवा होता. फ्रिज दोन पावलांवर होता. मी आधी नळाकडे गेले. नखाने पट्टीचं टोक सोडवलं, तीन वेढे उलगडले, बटण टपकन वर आलं, पट्टी चुरगाळून कुर्त्याच्या खिशात टाकली, आणि मग बर्फ आणला. तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर होतात. तुम्ही सगळं पाहिलंत.

तुमचा मुलगा ओल्या अंगाने धावत आला, काय झालं म्हणून. मी त्याला म्हणाले, "आईंनी गार समजून गरम नळ सोडला. बटण दाबून सोडला." ‘बटण दाबून’ हे शब्द मला घालायलाच हवे होते, नाहीतर तो नळाकडे बघून विचार करायला लागला असता. त्याने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, फार वेळ नाही. मग म्हणालात, "हो. चुकलं माझं."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तुम्ही तेच वाक्य तस्संच बोललात. हात दीड महिन्यात बरा झाला. कोपराजवळची कातडी मात्र तांबूस आणि सुरकुतलेली राहिली. पण तुमचं खरं जे गेलं ते हातावर दिसणारं नव्हतं. गार नळ आणि गरम नळ यातला फरक आईला कळला नाही, हे तुमच्या मुलाच्या मनात बसलं. तो घाबरला. तुमच्यासाठी घाबरला आणि थोडा लेकीसाठीही. विसरभोळेपणाची सुरुवात असेल म्हणून तुम्हाला त्याने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर आले होते. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. ज्या बाईला शेकडो नंबर पाठ होते, ती शहाण्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून उत्तरं देत होती, आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. तुम्ही न अडखळता दोनपर्यंत आलात. मग डॉक्टरांना म्हणालात, "झालं? की अजून कुठला नंबर लावून देऊ?" डॉक्टर हसले, तुमचा मुलगा हसला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथे बोलायला हवं होतं. तिथे नाही तर रिक्षात, रिक्षात नाही तर घरी आल्यावर.

सगळं ठीक निघालं तरी सावध राहिलेलं बरं, असं त्याने ठरवलं. सकाळी स्वयंपाकाला बाई आली. तुम्ही एकट्या असताना गॅसपाशी जायचं नाही, असं त्याने तुम्हाला विनवून सांगितलं, आणि कॉलेजला जाताना तो सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जायला लागला. तुम्ही बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायला लागलात, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून. चारच्या चहाची सोय म्हणून सकाळीच चहा करून मी थर्मासमध्ये भरून तुमच्या शेजारी ठेवायचे. आठ तासांचा शिळा चहा. तुम्ही तो प्यायचात आणि कप स्वतः विसळून ठेवायचात, गार पाण्याने. नळ काढून टाकू का, असं तुमच्या मुलाने एकदा विचारलं होतं. नळाने काय केलंय, असं तुम्ही म्हणालात. मी भाजी चिरत होते.

एका रविवारी तो लेकीला घेऊन बाजारात गेला होता. मी तुमच्या हाताला मलम लावत होते. घरात आपण दोघीच. मी म्हणाले, आई, त्या दिवशी ते बटण... आणि थांबले. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "ऑपरेटरला दोन्हीकडचं ऐकू येतं," म्हणालात. "पण मध्ये बोलायचं नसतं." मग तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. लाइन मोकळी आहे." तुम्ही थांबलात, आई. माझ्यासाठी एवढा वेळ त्याआधी कोणी थांबलं नव्हतं. आणि मी म्हणाले, मलम संपत आलंय, आणायला हवं. "आण," म्हणालात, आणि हात मागे घेऊन पदराखाली झाकलात. त्यानंतर तो विषय आपल्यात निघाला नाही. मी कधीतरी मुलाजवळ बोलेन म्हणून तुम्ही वाट बघत होतात, की ती लाइन तुम्ही त्याच दिवशी बंद केलीत, हे मला कळायला मार्ग नाही.

तुम्ही आणखी दोन वर्षं होतात. शेवटी साधा ताप छातीत उतरला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. घर माणसांनी भरलं होतं. शेवटच्या आंघोळीसाठी कोमट पाणी हवं होतं, आणि कोणीतरी म्हणालं, गॅसवर कशाला ठेवता, त्या नळाचं घ्या, लगेच होईल. मी बादली घेऊन गेले. बटण दाबून धरलं, नीट, अंगठ्याने, दांडी फिरवली, उकळतं पाणी घेतलं, त्यात गार घातलं, कोपर बुडवून पाहिलं. तुमच्या हातावरून पाणी ओतताना तुमची पुतणी ती कातडी बघून म्हणाली, शेवटी शेवटी भान राहत नव्हतं ना काकूंना? सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हणाले. तुम्ही जिवंत असताना खोटं बोलले ते भीतीने. हे कशाने बोलले? तेव्हा तर मला कोणाचीच भीती नव्हती. सवय झाली होती.

पुढे त्या टाकीत तुम्ही म्हणाला होतात तसाच पांढरा थर बसला, ती खडखडायला लागली आणि एक दिवस बंद पडली. भंगारवाला तिला खांद्यावर टाकून घेऊन गेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं गॅसवर पाणी उकळलं आणि तेवढीच काय ती शिक्षा भोगतेय असं मनाशी मानत आले. तीही आज संपली. सकाळी तो माणूस गेल्यावर तुमच्या मुलाने पहिल्यांदा स्वतः बटण दाबून पाहिलं, दाबल्याशिवाय दांडी फिरवून पाहिली, दोन-तीनदा. मग म्हणाला, हे चांगलंच घट्ट आहे, आईच्या वेळचं असं नसेल. मी म्हणाले, नसेल. बघा, आजही. त्याची आई विसरभोळी झाली होती असं मानून तो सतरा वर्षं तिच्यावर माया करतो आहे. ती शेवटपर्यंत शहाणी होती हे त्याला सांगायचं, तर मी कोण होते हेही सांगावं लागेल.

हे लिहून झालं की पानं फाडून त्याच्या उशाखाली ठेवावीत, असं तासभर मनात घोळतंय. ठेवीनच असं तुम्हाला सांगत नाही. माझ्या हमीचा अनुभव तुम्हाला आहे.

आत्ता तो आत आला होता. झोपून उठला, स्वतः चहा केला, माझ्यासाठी कप घेऊन आला. मी वहीवर हात ठेवला. काय लिहितेस एवढं, म्हणाला. मी म्हणाले, ऑफिसचं आहे. त्याने कप टेबलावर ठेवला, वहीवरच्या माझ्या हाताकडे थोडा वेळ पाहिलं, जाताना पंखा एकने वाढवला आणि दार ओढून घेतलं. आई, मला नोकरी सोडून सहा महिने झाले. हे त्याला माहीत आहे.